शांततेचा चोपदार

माझं काम एवढंच :
चांदीच्या मुठीचा दंड फरशीवर तीनदा आपटायचा.
मग कुणी ब्र काढायचा नाही.
चौतीस वर्षं केलं, अमिसेनाच्या दरबारात.
पगार बरा. ईस्टरला जांभळ्या काठाचा झगा.
बायकोच्या माहेरी, मेंढ्या राखणाऱ्या त्या गावात,
मी आलो की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत,
असं सासरे सांगायचे. खोटं असेल.

शांतता एकच नसते, हे मला तिथे कळलं.
सम्राज्ञी कॅलिनिकीला आठवा लागला
आणि सम्राटांना सरहद्दीवर जाऊन तेरा महिने झाले होते,
तेव्हाची एक.
साऱ्या मानकरणी एकदम
आपापल्या अंगठ्यांतले खडे मोजायला लागल्या.
(मुलगा झाला. कान थेट घोडदळाच्या दोक्सासचे.
टोपडं काही त्याच्या डोक्यावरून उतरलं नाही.)

दुसरी, सिंहांची.
सिंहासनाच्या दोन्ही अंगांना सोन्याचे सिंह;
तळघरात भाता ओढला की गुरगुरायचे.
खजिनदार पोथितोसने ते दुरुस्तीला नेले, परत आणले,
आणि पहिल्याच धुक्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत,
त्यांच्या शेपट्या हिरव्या पडल्या.
सोनं कधी हिरवं पडतं?
बिशप तेवढे म्हणाले, 'वा, वसंत आला की.'
मी दंड आपटला. कुणी बोलतच नव्हतं,
तरी आपटला.

पण मला विचाराल तर
खरी शांतता मी एकदाच ऐकली.

सम्राट आर्सेनियोस बुधवारी पहाटे गेले.
शुक्रवारी उत्तरेच्या टोळ्यांचा वकील यायचा होता, तहासाठी,
आणि वारस सात वर्षांचा, टोपड्यातला.
पोथितोस म्हणाला, बसवा.
बसवलं.
पाठीला ओकची फळी, गालांना द्राक्षाच्या दारूची लाली,
धूप इतका की मेणबत्त्या गुदमरल्या.
मला हुकूम : वकील सातव्या पायरीपुढे सरकला, तर आपट.

वकिलाचं नाव बोरचाल. म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं.
तो पाचव्या पायरीवरच थांबला.

माशी आली.
एवढ्या थंडीत कुठून आली देव जाणे.
सम्राटांच्या खालच्या ओठावर बसली.
पाय चोळले.
वरच्या ओठावर गेली. मग आत.

दोनशे माणसं, मूग गिळून.
तळघरातल्या भात्यावरच्या पोराला यातलं काहीच ठाऊक नाही,
त्याने अगदी वेळेवर सिंह गुरगुरवले.

बोरचालने मान लववली, नेहमीपेक्षा अंमळ जास्त,
आणि म्हणाला, 'महाराजांचं मौन
आमच्याकडे होकार धरतात.'
मग त्याने दोन किल्ले मागितले.
मिठाचा घाट मागितला.
तीन हजार घोडी,
आणि निघता निघता, सहज आठवल्यासारखं,
खजिनदार पोथितोस.

मी त्याच्याकडे बघितलं.
तोंड उघडं होतं, उघडं आणि कोरडं.
दोन शब्द पुरले असते : महाराज मेलेत.
पण त्या दोन शब्दांची किंमत
त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती.
मी दंड आपटला. एक.
दोन.
तीन.

आता बंदरावर, मासळीबाजारामागे खोली आहे.
बाजारातल्या बाया पहाटे चारपासून भांडतात,
बोयांच्या भावावरून, तराजूवरून, नवऱ्यांवरून,
कुणाचं पोर कुणासारखं दिसतं त्यावरून,
भर चौकात, नावं घेऊन.
बायको म्हणते, खिडकी लावून घ्या.
मी लावत नाही.